वखारीतल्या जिवाचा परदेशी अर्ज

अनुराधाबाई मगदूम रागावल्या की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. इतका खाली, की समोरच्याला वाटावं, बाई आशीर्वाद देतायत. कॉलेजातल्या मुलांना हे ठाऊक होतं. बाईंचं बोलणं ऐकू येईनासं झालं की वर्गातली मागची बाकंसुद्धा मोबाईल खिशात घालून ताठ बसायची. पण एजंटांना, सरकारी संकेतस्थळांना आणि संगणकाला हे कुणी सांगायचं?

त्यात त्यांचा नियम. पहाटे बस्तीत म्हणजे जैन मंदिरात जाऊन जिनदर्शन, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, हे तर माहेरापासूनचं. पण गेल्या चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर हात जोडून त्यांनी आणखी एक नियम घेतला होता. ज्या दिवशी क्रोध येईल, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक रस सोडायचा. मीठ, साखर, तेल, दही, तूप, दूध असे सहा रस. ज्या कामापायी राग आला, ते काम तडीस जाईपर्यंत तो रस ताटात नाही. नियम घेताना त्यांचा हिशेब साधा होता: आपण शांत बाई, वर्षाकाठी एखादा रस गेला तर जाईल. तेव्हा त्यांनी पेटंटचा अर्ज भरला नव्हता.

काम तसं एवढंसं होतं. निपाणीत त्यांच्या मागच्या गल्लीत नागुबाई राहायची. तीस वर्षं विड्या वळून तिची बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी पडली होती. एक दिवस ओट्यावर बसून ती सहज म्हणाली, “आक्का, तमाखूच्या वखारीमागं मोरी हाय बगा, तितल्या चिखलानं हात धुतला की कडू जातंय. भाकरी कडू लागत न्हाय.”

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. अनुराधाबाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी तो चिखल बाटलीत भरला. तीन वर्षं खपून त्यांनी त्यातला एक जंतू वेगळा केला, जो तंबाखूतलं निकोटीन खाऊन पचवतो. कशाच्या जोरावर पचवतो तेही शोधलं: चारच अक्षरांत लिहिलेला, एक हजार तीनशे सव्वीस अक्षरांचा एक जनुक. त्यातून हात धुवायची पूड करता येईल, स्वस्तात, गल्लीतल्या प्रत्येक विडीवालीला परवडेल अशी. भारतातला अर्ज झाला. आता त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय अर्ज घालायचा होता, आणि त्यातले सव्वाअकरा महिने विचारपूस करण्यातच गेले होते.

घाईचं कारण वेगळं होतं. मधल्या काळात धारवाडच्या परिषदेत बाईंनी आपल्या कामाचं पोस्टर लावलं होतं. टाय घातलेल्या एका गृहस्थानं त्याचे चारी कोपऱ्यांतून फोटो काढले, बाईंच्या हातात परदेशी कंपनीचं कार्ड ठेवलं आणि “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणून तो जेवायला गेला. तारीख हुकली तर परदेशात त्या जनुकावर बाईंचा काही हक्क उरणार नव्हता. तो टायवाला ते उचलणार, सुवासिक बाटलीत भरणार आणि नागुबाईचा चिखल नागुबाईलाच विकणार. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की बाईंची जपमाळ आपोआप भरभर फिरायला लागायची.

एजंट सापडला बेळगावात, खडेबाजारात भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. नाव नागेंद्र. त्याचा मूळ धंदा पापड, मसाले आणि अगरबत्ती यांचे ट्रेडमार्क नोंदवण्याचा. “जनुक म्हंजे काय मोठं आहे री मॅडम,” तो पहिल्याच भेटीत म्हणाला, “पापडासारखंच. नाव, पत्ता, वर्णन.”

पापडासारखं ते नव्हतं. जनुकाची अक्षरं नुसती अर्जात लिहून भागत नाहीत. त्यांची निराळी यादी करावी लागते, जगभर ठरलेल्या एकाच साच्यात, यंत्राला वाचता येईल अशी. नागेंद्रनं कुठूनशी एक जुनी यादी मिळवली, तिच्यावरून बाईंची यादी तयार केली आणि बेंगळुरूच्या आपल्या गुरूंना दाखवायला पाठवली. दहा दिवसांनी त्याचा फोन आला.

“मॅडम, तो साचा बंद झालाय म्हणे री. दोन हजार बावीसच्या जुलैपासून.”

“म्हणे?” बाई म्हणाल्या.

“सगळ्या जगात एकदमच बंद केले. आपल्याला कोण सांगणार? मी इथं पापडाच्या गडबडीत.”

“हरकत नाही,” बाई इतक्या हळू म्हणाल्या की नागेंद्र दोनदा “हॅलो? हॅलो?” करत राहिला. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

बाईंचे यजमान कुंथुनाथ यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. माणूस सोसणारा, पण एका घरात दोन आमट्या कशा शिजवायच्या म्हणून तेही बिनमिठाचं खाऊ लागले, आणि खाताना पाइपातून पाणी जात नसल्यासारखा चेहरा करू लागले.

नवा साचा भरायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट ते का मिळतं हे बाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यात रकान्यांवर रकाने. जीव कुठला, रेणू कोणत्या प्रकारचा, सापडला कुठं. या शेवटच्या रकान्याशी बाई पोचल्या आणि नेमके शेजारचे मारुतीराव दारात उभे राहिले. मारुतीराव म्हणजे रिटायर तलाठी. उताऱ्यावरच्या चुका शोधण्यात हयात गेली, आता शेजाऱ्यांच्या शोधतात.

“कुठं सापडला म्हणून काय घालताय वैनी?”

“निपाणी, कर्नाटक.”

“थांबा! हात थांबवा!” मारुतीराव चपला न काढताच आत आले. “सीमेचा प्रश्न कोर्टात हाय. आज कर्नाटक लिवलासा आन् उद्या निकाल लागून निपाणी तिकडं गेली, तर जंतू कुठला ठरंल? उद्या त्येची नक्कल काढायची तर कुठल्या तालुक्याला जायचं?”

“अण्णा, जंतूला काय फरक पडतो?”

“जंतूला न्हाय पडत. आमाला पडतोय की!”

त्यांनी फोन केले. एका कार्यकर्त्याचे दोन झाले, दोनाचे चार. एकानं सुचवलं, ‘सीमाभाग’ लिहा. दुसरा म्हणाला, कंसात ‘वादग्रस्त’ घाला. तिसऱ्यानं दोन्ही राज्यांची नावं लिहून त्यांवर प्रश्नचिन्ह टाकायचा तोडगा काढला. चौथा नुसताच चहा प्यायला. या थोर विचारविनिमयात दिवस मावळला, बाईंचं संध्याकाळचं जेवण बुडालं, आणि मंडळी गेल्यावर त्यांनी सॉफ्टवेअर नीट वाचलं. राज्याला तिथं जागाच नव्हती. फक्त देश विचारला होता. भारत.

साखर गेली.

कुंथुनाथांनी मग ठरवलं की बायकोला आपणही हातभार लावावा. त्यांच्या आयुष्यात एकही काम तीन प्रतींशिवाय झालं नव्हतं. त्यांनी बाईंच्या नकळत यादीचे एक्केचाळीस कागद छापून घेतले, तीन संच केले, कोर्टाच्या आवारात बसून प्रत्येक पानावर नोटरीचा गोल शिक्का मारून आणला, आणि हिरव्या दोऱ्यानं शिवून, वर लाल कापड घालून तो गठ्ठा बाईंपुढे ठेवला. एकशे तेवीस शिक्के. शिक्के मारून मारून नोटरीच्या माणसाचं मनगट सुजलं होतं म्हणे.

“अहो,” बाई गठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “ही यादी कागदावर घेतच नाहीत. नुसती फाईल लागते.”

“कागदावर घेत न्हाईत? मग शिक्का कुठं मारायचा?”

“मारायचाच नाही.”

“बिनशिक्क्याचं?” कुंथुनाथांचा जगावरचा विश्वासच उडाला. “आन् मग ते खरं कशावरनं?”

“छान केलंत,” बाई म्हणाल्या. कुंथुनाथ पंचवीस वर्षं संसार केलेले. त्यांनी न विचारता तेलाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक घडलं होतं. जनुकाचे आठ आठ अक्षरांचे दोन लहान तुकडे बाईंनी यादीत स्वतंत्र घातले होते. सॉफ्टवेअरनं ते भिरकावून दिले: दहाच्या आत अक्षरं असतील तर यादीत घ्यायचंच नाही.

“बशीत न्हान पोराला तिकीट नसतंय, तसलं हे,” मारुतीराव समजावणीच्या सुरात म्हणाले.

“तिकीट नसतं, पण बसमध्ये घेतात ना अण्णा? इथं खाली उतरवतायत.”

आता एका दिवसात राग दोनदा आला तर रस किती सोडायचे? तेल एकटं जावं की सोबत दहीही? नियमात पळवाट शोधणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्या रात्रभर तळमळल्या. सकाळी बस्तीतल्या पंडितांना विचारलं. दिवसाला एकच, असा निर्वाळा मिळाला. बाईंना हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही, कारण दही त्याच संध्याकाळी गेलं.

झालं असं, की यादीत एक तुकडा आरएनएचा होता. त्यात ‘टी’ अक्षर नसतं, त्याजागी ‘यू’ असतं; बारावीतलं पोरही सांगेल. बाईंनी इमानानं ‘यू’ लिहिलं. सॉफ्टवेअर म्हणालं, चूक. ‘यू’ असलं तरी ‘टी’च लिहायचं, सगळे तसंच वाचून घेतात. म्हणजे आहे ते लिहिलं की अर्ज खोटा, आणि नाही ते लिहिलं की खरा! सत्याचं अणुव्रत घेतलेल्या बाईनं, जिनं उत्तरपत्रिकेतला अर्धा गुणसुद्धा कधी उगाच वाढवला नाही, तिनं एकोणीस ठिकाणी स्वतःच्या हातानं ‘यू’ काढून ‘टी’ घातलं. प्रत्येक ‘टी’ला एक णमोकार म्हटला. ‘टी’ला पुण्य लागलं असेल, पण दही वाचलं नाही.

तूप मात्र वेगळ्या कारणानं गेलं, आणि तो राग खरा होता. नागेंद्रनं शोधकांची नावं मागितली. बाईंनी दोन दिली: स्वतःचं आणि नागुबाईचं. चिखलात काहीतरी आहे हे हिनं ओळखलं, कुठल्या मोरीतला घ्यायचा, कुठल्या महिन्यात त्याला जोर असतो, वाळवला तर चालतो का, हे सगळं हिनं सांगितलं, करून दाखवलं. आपण फक्त ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, असं बाईंचं प्रामाणिक मत.

“विडी कामगार म्हणून लिहिलो तर तिकडं हसतील री मॅडम,” नागेंद्र म्हणाला. “आभारात घालू की. ‘सौजन्य’ म्हणून.”

“तिचं नाव राहील,” बाई म्हणाल्या. आवाज असा खोल गेला होता, की नागेंद्रला त्यातून जे हवं होतं तेवढंच ऐकू आलं.

शेवटचा दिवस शुक्रवार. यादी गुरुवारी संध्याकाळी पुरी झाली, सॉफ्टवेअरनं कुठलीही खोड काढली नाही, बाईंनी ती पेनड्राइव्हवर घेतली. “आता फाईलला हात लावू नका री,” असं नागेंद्रनं बजावलं होतं. बाईंनी हात लावला नाही. फक्त एकदा उघडून वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घातली.

शुक्रवारी सकाळी त्या नागुबाईला सह्यांसाठी घेऊन बेळगावच्या बसमध्ये बसल्या. बेळगावात आपली ओळख आहे म्हणत मारुतीरावही चढले. ती ओळख म्हणजे नेमकं कोण, हे त्यांनी संकेश्वर मागे पडलं तरी सांगितलं नाही. नागुबाईनं नवं पातळ नेसलं होतं आणि दोन्ही हात पदराखाली झाकून घेतले होते.

माडीवर नागेंद्रनं पेनड्राइव्ह लावला, अर्जाला यादी जोडली, आणि पडदा लाल झाला. फाईल अवैध. चूक: ओळ पहिली, जागा पहिली.

“पहिलं अक्षर चुकलंय म्हणतंय,” नागेंद्र म्हणाला.

जनुकाचं पहिलं अक्षर ‘ए’. ते ‘ए’च होतं. बाईंनी मूळ वहीशी ताडून पाहिलं. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेनं अक्षरं वाचून दिली होती, तिथं फोन लावला आणि तिथल्या मुलीला इतक्या मऊ आवाजात फैलावर घेतलं की ती घाबरून रडायला लागली. मग नागेंद्रची पाळी. मग सॉफ्टवेअर करणाऱ्यांची. साचे बदलणाऱ्यांची, अक्षरं बदलायला लावणाऱ्यांची, टाय घालून फोटो काढणाऱ्यांची. कुजबुजत्या आवाजात बाई दोन तास सगळ्या जगाला झोडपत होत्या. मधून मधून मारुतीराव “निपाणीचा त्यो रकाना तर न्हाय न्हवं नडला?” असं विचारत होते. तीन वाजले. साडेतीन. पाचला लाईन दुरुस्तीसाठी लाईट जाणार, असा मेसेज सकाळीच येऊन पडला होता.

“ही यादी नंतर नाही का देता येणार?” बाईंनी विचारलं.

“देता येते. दंड भरून. पण मग ती अर्जाचा भाग धरत नाहीत री. नुसती तपासायला वापरतात. आणि आपली पूर्ण अक्षरं तर यादीतच आहेत. अर्ज जाणार, जनुक इथंच राहणार.”

म्हणजे पाकीट परदेशी जाणार आणि पत्र खडेबाजारात. बाईंनी डोळे मिटले.

शेवटी नागेंद्रनं सॉफ्टवेअर बाजूला सारून फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पहिली ओळ समोर आली. खुर्ची मागे सरकवून त्यानं पायातल्या चपला काढल्या.

पहिल्या ओळीत, सगळ्या कंसांच्या आणि अक्षरांच्या आधी, मधोमध लिहिलेलं होतं: ॥ श्री वीतरागाय नमः ॥

राग-लोभ जिंकलेल्या जिनाला केलेल्या या नमस्काराशिवाय बाईंच्या घरातला एकही कागद सुरू होत नसे. वाण्याची यादी असो, प्रश्नपत्रिका असो की गॅस लावल्याची तारीख. गुरुवारी फाईल नजरेखालून घालताना वरची जागा मोकळी दिसली, आणि हात आपोआप गेला होता. बाईंना आता तो क्षण आठवत होता. लिहिताना किती शांत वाटलं होतं तेही आठवत होतं.

पुण्याची ती पोरगी उगाच रडली होती. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोन तास ज्या माणसाला शोधून ठेचायचं होतं, ती बाई त्यांच्याच खुर्चीत बसली होती.

“काढून टाका,” त्या नागेंद्रला म्हणाल्या.

“मी?” नागेंद्रनं हात पाठीमागे नेले. “नको री मॅडम. आम्ही लिंगायत असलो तरी देव तो देवच. घरात लहान मूल आहे.”

“अण्णा, तुम्ही?”

“मी रिटायर मानूस,” मारुतीराव भिंतीकडे सरकले. “आता ह्या वयात कुठं नवं खातं उघडू? त्येला जरा खाली सरकवलं तर?”

“शेवटी पण चालत नाही,” नागेंद्र म्हणाला.

“मधी?”

“मधी ती चार अक्षरं सोडून काही बसत नाही.”

कुंथुनाथांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “मी बोललो न्हवतो, शिक्का पाहिजे म्हणून?”

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी बोट पुढे केलं. ते त्या बटणावर जाऊन थांबलं. चाळीस वर्षं जे नाव घेतल्याशिवाय पाणी प्यायलं नाही, ते आपण पुसायचं? नाही पुसलं तर तो टायवाला. बोट खाली जात नव्हतं आणि वरही येत नव्हतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर सकाळपासून गप्प बसलेली नागुबाई उठली. पदराखालचा हात बाहेर काढला.

“कुटलं बटन, आक्का?”

“नागुबाई, देवाचं नाव आहे ते.”

“व्हय, कळलं की. मगाधरनं तेच चाललंय.” तिनं बाईंचं बोट अलगद बाजूला केलं. “तुमचं व्रताचं हात. माझ्या हाताला तमाखू लागलेलीच हाय, आनि वर काय लागायचं हाय? देव काय ह्या डबड्यात राहून पूड करून देणार हाय व्हय आमाला? दाबू?”

बाईंनी मान हलवली. ते पिवळं बोट बटणावर पडलं. एकेक करून अक्षरं मावळत गेली. नागुबाईनं आणखी एकदा दाबून पाहिलं, म्हणून नागेंद्र “बास! बास!” करत धावला.

फाईल पुन्हा लावली. पडदा हिरवा झाला. मारुतीरावांनी सुस्कारा सोडला आणि सगळं आपल्यामुळे जमल्यासारखा घाम पुसला. नागेंद्र झरझर पुढची पानं उलगडू लागला. पावणेपाच वाजले होते. अर्जदार, पत्ता, तारीख. आणि शोधक. तिथं एकच नाव होतं. अनुराधा कुंथुनाथ मगदूम.

“दुसरं नाव कुठे आहे?”

“ते आपलं बोलणं झालं होतं की री मॅडम. आभारात. तुम्हीच ‘राहील’ म्हणालात.” नागेंद्र घड्याळाकडे बघत होता. “आता वेळ नाही. पाठवू?”

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी श्वास घेतला. आणि मग अनुराधाबाई मगदूम ओरडल्या.

“नागेंद्र! पहिलं नाव तिचं! मग माझं! आत्ता, माझ्यासमोर! आणि तुमचं ते सौजन्य पापडाच्या पुड्यावर छापा!”

खाली भांड्यांच्या दुकानात कुणाच्या तरी हातातून पातेलं पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. मारुतीराव दोन पायऱ्या खाली उतरले होते, ते वर यायला तयार होईनात. नागेंद्रची बोटं मात्र कधी चालली नव्हती इतकी भरभर चालली. नागुबाईनं सही केली, एकेक अक्षर जोर लावून. बाईंनी केली. चार वाजून चोपन्न मिनिटांनी अर्ज गेला आणि पोचीचा नंबर पडद्यावर उमटला.

बाई धपकन खाली बसल्या. घसा दुखत होता. ओरडायची सवय नव्हती.

“ह्यात माझं कुटलं?” नागुबाईनं पडद्याजवळ तोंड नेऊन विचारलं.

नागेंद्रनं अदबीनं बोट ठेवून दाखवलं.

“आनि त्या किड्याचं?”

त्यानं थोडं खाली दाखवलं. नागुबाई दोन्ही ओळींकडे आळीपाळीनं बघत राहिली, वाचता येत नसूनही पुष्कळ वेळ.

“एकाच कागदावर बसवलासा व्हय आमाला,” ती म्हणाली. “बसू द्या. दोगांनीबी जल्म त्याच वखारीत काढलाय.”